मीठ, ऊन आणि उमे

जून उजाडला की जपानमधल्या किराणा दुकानांची मांडणी बदलते. एरवी मागच्या फळीवर पडून असलेल्या चार लिटरच्या काचेच्या बरण्या, खडीसाखरेची पाकिटं, मिठाच्या पिशव्या आणि ३५ टक्के मद्यार्काची रंगहीन दारू पुढे येते. शेजारी जाळीच्या पिशव्यांतून हिरवीगार, बोराहून थोडी मोठी उमेची फळं असतात. ती किलो-दोन किलो घेऊन जाणारं गिऱ्हाईक त्यातलं एकही तोंडात टाकत नाही. कच्च्या उमेत, विशेषतः त्याच्या आठळीत, अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटू शकतं. शिवाय फळात सायट्रिक आम्ल इतकं की दात आंबून जावेत. मिठात खारवून, साखरेत मुरवून किंवा दारूत बुडवून ठेवलं तरच उमे खाण्या-पिण्याजोगं होतं. जूनमधल्या या सगळ्या उस्तवारीला तिथे ‘उमेशिगोतो’ म्हणतात, म्हणजे उमेचं काम.

त्यामुळे उमेच्या शेतीचा हिशोब झाडापाशी संपत नाही. नुसतं फळ पिकवून शेतकऱ्याचं भागत नाही, ते टिकवावं लागतं. टिकवण्याचं काम कोणाच्या अंगणात होतं आणि त्याला कायदा कितपत मोकळीक देतो, यावर या फळाचं आणि ते पिकवणाऱ्या गावांचं बरंवाईट ठरत आलं आहे.

नावांचा थोडा गुंता आधी सोडवायला हवा. जगभरच्या बाजारात ‘जपानी प्लम’ या नावानं दोन-तीन वेगळी फळं वावरतात. पावसाळ्याच्या तोंडी हिमाचलातून मुंबई-पुण्याला येणारं लालबुंद, रसाळ सांता रोझा प्लम हे त्यातलं एक. लूथर बरबँक यांनी जपानहून मागवलेल्या प्लमच्या झाडांपासून कॅलिफोर्नियात ही जात तयार केली आणि १९०६ मध्ये ती बाजारात आणली. लोकाट या फळालाही काही देशांत जपानी प्लम म्हणतात. उमे यांपैकी कोणीच नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ते प्लमपेक्षा जर्दाळूला जवळचं आहे. त्याचं मूळ चीनमधलं आणि जपानमध्ये ते आलं ते बहुधा औषध म्हणून.

औषधी उमे दिसायला काळंकुट्ट असे. फळं काजळीत घोळून, धुरावर भाजून आणि वाळवून ‘उबाई’ करत. करडईच्या फुलांपासून लाल रंग काढताना कापड रंगवायलाही ती लागे. नारा प्रांतातल्या त्सुकिगासे खोऱ्यातली उमेची बनं या उबाईसाठीच वाढली. रासायनिक रंग आले आणि तो धंदा बसला, पण तिथलं एक कुटुंब ही कला अजून चालवतं. बनांची शोभा मात्र सरकारच्या नजरेत भरली होती आणि १९२२ मध्ये त्सुकिगासेला राष्ट्रीय निसर्गस्थळाचा दर्जा मिळाला.

फुलांचा मानही जुना आहे. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात उमेवरच्या कविता शंभराहून अधिक आहेत, साकुरावर, म्हणजे चेरीच्या फुलावर, त्या मानानं कितीतरी कमी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेइवा’ या राजशकाचं नावही याच संग्रहातून घेतलं आहे. इसवी सन ७३० मध्ये दाझाइफू इथे उमेच्या बहरात भरलेल्या कविमेळ्याच्या प्रस्तावनेत ते शब्द आहेत. त्याच दाझाइफूला ९०१ मध्ये हद्दपार झालेले विद्वान मुत्सद्दी सुगावारा नो मिचिझाने पुढे विद्येचं दैवत बनले आणि त्यांच्या देवळांभोवती उमे लावण्याची प्रथा पडली. क्योतोच्या कितानो तेन्मांगू देवळाच्या आवारात सुमारे १५०० झाडं आहेत. त्यांची फळं देवळातच खारवून वाळवतात आणि १३ डिसेंबरपासून भाविकांना देतात. नव्या वर्षाच्या सकाळी ती गरम पाण्यात घालून पितात. पूजेचं झाड आणि पोटाचं झाड असा भेद इथे कोणी केलेला नाही. मितो शहरातली प्रसिद्ध काइराकुएन बाग १८४२ मध्ये तोकुगावा नारिआकी यांनी उभारली. फुलांसाठी ती आज ओळखली जाते, पण लढाईच्या वेळी शिबंदीला उमेबोशी पुरावी हाही तिच्यामागचा विचार होता.

उमेबोशी म्हणजे खारवून उन्हात वाळवलेलं उमे. सुरकुतलेलं, आंबट-खारट, भाताच्या मुटक्याच्या पोटात किंवा डब्यातल्या पांढऱ्या भातावर मधोमध बसलेलं. ती कशी होते हे बघायचं तर वाकायामा प्रांतात जावं लागतं. जपानच्या एकूण उमेपैकी साधारण साठ टक्के याच एका प्रांतात पिकतं आणि त्याचा मोठा वाटा मिनाबे हे गाव आणि शेजारचं तानाबे शहर यांचा आहे.

हा डोंगराळ, मुरमाड प्रदेश. जमीन हलकी, उतार तीव्र, भातासाठी नालायक. एदो काळात तानाबेच्या सरदार घराण्यानं अशा पडीक जमिनीवर उमे लावणाऱ्यांना करात सूट दिली आणि इथली खारवलेली फळं पिंपांतून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जाऊ लागली. डोंगराचा माथा मात्र लोकांनी उघडा पाडला नाही. वर उबामे ओकचं रान राखलं. त्याच्या लाकडापासून बिंचोतान हा जगप्रसिद्ध कोळसा होतो. झाडाचे सगळे फांदे एका वेळी न तोडता जाड तेवढे काढायचे आणि कोवळे ठेवायचे, अशी तिथली तोडणीची रीत. त्यामुळे रान टिकतं, पाणी मुरतं, दरडी कमी कोसळतात आणि रानातल्या ढोलीत जपानी मधमाशीला घर मिळतं. फेब्रुवारीत थंडी असताना उमे फुलतं. त्या दिवसांत मधमाशीला दुसरं फूल क्वचितच मिळतं आणि उमेला दुसरा परागवाहक. रान, कोळसा, माशी आणि बाग यांची ही घडी चारशे वर्षं टिकली, म्हणून २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं मिनाबे-तानाबेच्या उमे-पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला.

इथल्या फळांचा राजा म्हणजे नान्को-उमे. त्याची कूळकथा सांगण्यासारखी आहे. १९०२ मध्ये ताकादा सादाकुसू या शेतकऱ्यानं साठ रोपं लावली. त्यातल्या एका झाडाची फळं मोठी, गुबगुबीत आणि उन्हाकडच्या गालावर लाली असलेली निघाली. त्यानं ते झाड जपलं. १९३१ मध्ये कोयामा तेइइची यांनी त्या झाडाच्या काड्या मिळवून कलमं केली आणि युद्धाच्या हलाखीतही ती वाचवली. १९५० मध्ये गावानं ठरवलं की शेकडो प्रकारची झाडं लावून बाजारात एकसारखा माल देता येत नाही, उत्तम मातृवृक्ष निवडायला हवेत. निवड समितीचं नेतृत्व मिनाबे हायस्कूलचे शिक्षक ताकेनाका काट्सुतारो यांच्याकडे होतं. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ३७ प्रकारांची पाच वर्षं पाहणी केली. ताकादांचं झाड सर्वांत सरस ठरलं. मुलांच्या श्रमांची आठवण म्हणून हायस्कूलच्या नावावरून जातीचं नाव ‘नान्को’ ठेवलं गेलं आणि १९६५ मध्ये तिची अधिकृत नोंद झाली. शेती संशोधन म्हटलं की मोठ्या विद्यापीठाची इमारत डोळ्यांसमोर येते. देशातली सर्वांत मोलाची उमेची जात मात्र एका शेतकऱ्याच्या नजरेतून आणि शाळकरी पोरांच्या वह्यांतून उभी राहिली, हे मुद्दाम नोंदवायला हवं.

नान्कोची हिरवी फळं मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हातानं तोडतात. ती दारू आणि सरबतासाठी. उमेबोशीसाठीचं फळ मात्र कोणी तोडत नाही. उतारभर झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या असतात. फळ पिकून पिवळं झालं की आपणहून गळतं, उतारानं घरंगळत जाळीच्या कडेला जमतं आणि घरची माणसं रोज ते वेचतात. पाऊस चालू असतो, वास पिकल्या पीचसारखा सुटलेला असतो आणि पडलेलं फळ फार वेळ थांबत नाही, म्हणून धुणं, आकारानुसार निवडणं आणि टाकीत भरणं हे सगळं लगोलग उरकतात. फळांचा थर, मिठाचा थर. मीठ वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं. थोड्याच दिवसांत मीठ फळातलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आंबट-खारट रसानं वर येते. या रसाला उमेझू म्हणतात. महिनाभर फळ त्यात राहतं. पावसाळा सरून जुलैचं कडक ऊन पडलं की तट्ट्यांवर पसरून, एकेक फळ उलटत, तीन-चार दिवस वाळवतात. घरगुती रीतीत दिवसा वाळवलेलं फळ पुन्हा उमेझूत बुडवणारेही आहेत. कोकमाच्या सालींना रसाची पुटं देऊन आमसुलं करणाऱ्या कोकणातल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. लाल रंग हवा असेल तर मिठानं चुरलेली तांबड्या शिसोची पानं टाकीत घालतात. उमेझूच्या आम्लात त्यांचा जांभळट रंग उजळ लाल होतो.

या टाकीत मिनाबेच्या शेतीचं खरं बळ आहे. इथले शेतकरी बहुतांशी ताजं फळ विकून मोकळे होत नाहीत. खारवणं आणि वाळवणं ते स्वतःच्या अंगणात करतात आणि दहा-दहा किलोच्या पिंपांत भरलेली पांढरी उमेबोशी कारखान्यांना विकतात. वीस टक्के मीठ असलेली ही उमेबोशी वर्षानुवर्षं टिकते. नारा प्रांतातल्या एका जुन्या वाड्यात तर १५७६ ची उमेबोशी अजून जपून ठेवली आहे असं सांगतात. टिकाऊ माल हाताशी असला की शेतकऱ्याला हंगामातच पडेल भावात विकण्याची घाई राहत नाही. भाव पडला तर पिंपं कोठीत राहतात, पुढच्या वर्षी पीक कमी आलं तर बाहेर निघतात. नाशवंत फळाच्या शेतकऱ्याला सहसा न मिळणारी सवड इथे मिठानं दिली.

कारखान्यांत पुढचं काम होतं. मीठ पाण्यात उतरवतात आणि मग मध, वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस, शिसो यांच्या पाकात फळ मुरवतात. आज दुकानात सर्वाधिक दिसते ती हीच मऊ, गोडसर, कमी मिठाची उमेबोशी. रक्तदाबाच्या काळजीपोटी लोकांना ती हवी असते. मात्र मीठ उतरलं की टिकाऊपणाही उतरतो, आणि मग फ्रिज लागतो, पाकिटावर काही महिन्यांची मुदत छापावी लागते. चवीतला मोबदला कारखान्याकडे जास्त जातो आणि शेतकऱ्याच्या पिंपाला चीनमधून येणाऱ्या स्वस्त खारवलेल्या फळाशी झुंजावं लागतं. उरलेल्या खाऱ्या-आंबट पाण्याचं काय करायचं हाही मोठा प्रश्न होता. वाकायामानं त्यातून एक वाट काढली. उमेझूतलं मीठ काढून उरलेला अर्क कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात आणि ती कोंबडी ‘कीशू उमेदोरी’ या नावानं विकली जाते. रंगीत उमेझूत आल्याचे काप टाकून केलेलं लाल लोणचं तर जपानभर नूडल्सवर पडतं.

उमेशूची, म्हणजे उमे मुरवलेल्या दारूची, गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. फळ दारूत मुरवण्याची कृती १६९७ च्या ‘होंचो शोक्कान’ या आहारग्रंथात सापडते, म्हणजे प्रथा जुनी. पण घरी दारू करण्याला आधुनिक कायद्यानं बंदी घातली होती आणि फळ मुरवणं त्या बंदीत सापडत होतं. घराघरांत ती होत राहिली, पण चोरून. १९६२ मध्ये कायदा बदलला. कर भरलेली, किमान २० टक्के मद्यार्काची दारू वापरायची, द्राक्ष घालायचं नाही आणि तयार झालेलं विकायचं नाही, या अटींवर घरगुती उमेशूला मुभा मिळाली. वीस टक्क्यांची अट अशासाठी की त्याखाली फळातली साखर आंबून नव्यानं मद्यार्क तयार होऊ शकतो. ही अट किती सहज विसरली जाते ते २००७ मध्ये दिसलं. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं, एनएचकेनं, पाककृतींच्या कार्यक्रमात मिरिन या स्वयंपाकातल्या कमी मद्यार्काच्या दारूत उमेशू घालायला शिकवली आणि ती कायद्यात बसत नसल्यानं माफी मागावी लागली.

घरची कृती तशी साधी. किलोभर हिरवं उमे धुऊन, देठाकडचा काळा ठिपका काढून, पुसून कोरडं करायचं. बरणीत त्याच्याबरोबर अर्धा ते एक किलो खडीसाखर आणि १.८ लिटर दारू. खडीसाखरच का, याला कारण आहे. ती हळू विरघळते. आधी दारू फळात शिरते, मग साखरेचं प्रमाण वाढत जातं तसा फळातला रस आम्ल आणि सुवासासकट बाहेर खेचला जातो. पिठीसाखर एकदम विरघळली तर फळ आधीच आक्रसून बसतं. आठळीतल्या ज्या द्रव्यामुळे कच्चं फळ खाऊ नये म्हणतात, त्याच्यापासूनच बदामासारखा वास येतो. पिकल्या नान्कोची केली तर वास पीचकडे झुकतो. तीन महिन्यांनी पिता येते, वर्षानं चांगली लागते.

व्यापारी बाजूला ओसाकाजवळची चोया ही कंपनी पुढे आहे. १९१४ मध्ये द्राक्षबागेपासून सुरुवात केलेल्या या घराण्यानं १९५९ मध्ये उमेशू काढायला घेतली. पुढे बाजार फुगला तसे कृत्रिम आम्ल आणि वास घालून फळ कमी वापरणारेही बरेच झाले. म्हणून २०१५ मध्ये मद्यउत्पादकांच्या संघटनेनं नियम केला की फक्त उमे, साखर आणि दारू यांच्यापासून केलेल्या पेयालाच ‘होंकाकू’, म्हणजे अस्सल, असं लेबल लावता येईल. २०२० मध्ये ‘वाकायामा उमेशू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. ही शिस्त आधीच यायला हवी होती. फळाचा वाटा बाटलीवर लिहिला गेला नाही तर शेवटी मार फळ पिकवणाऱ्यालाच बसतो.

दारू न पिणाऱ्यांसाठी सरबत आहे: फळाइतकीच साखर, दोनेक आठवडे, आणि मग थंड पाण्यात किंवा सोड्यात. फळ आधी गोठवलं तर पेशी फुटून रस लवकर सुटतो, म्हणून हल्ली पुष्कळ घरांत ते सरळ फ्रीझरमधून बरणीत जातं. लहान फळांच्या जातींपासून कुरकुरीत ‘कारीकारी उमे’ करतात. त्यात अंड्याच्या कवचासारखा कॅल्शियमचा स्रोत घालतात. कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि फळ मऊ पडत नाही.

वाकायामाच्या बाहेरचं एक उदाहरण भारताला जवळचं आहे. क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतातलं ओयामा हे दरीतलं गरीब गाव. १९६१ मध्ये, सरकार भाताचं उत्पादन वाढवा म्हणत असताना, इथले सरपंच आणि सहकारी संस्थेचे प्रमुख याहाता हारुमी यांनी भात सोडून उमे आणि चेस्टनट लावायचं ठरवलं. शेतं लहान, सपाट जमीन थोडी, तर श्रम कमी आणि भाव जास्त असलेलं पीक हवं, हा त्यांचा हिशोब. घोषणा होती: उमे-चेस्टनट लावू आणि हवाईला जाऊ. परदेशप्रवास हे बहुतेक जपान्यांना स्वप्न असलेल्या त्या काळात गावच्या तरुणांची पहिली तुकडी १९६७ मध्ये खरोखरच हवाईला गेली. फळ नुसतं न विकता उमेबोशी करून विकणं, ती विकायला स्वतःची दुकानं काढणं, असं गाव पुढे जात राहिलं. चार वर्षांतून एकदा होणारी राष्ट्रीय उमेबोशी स्पर्धाही तिथे भरते. ओइताचे राज्यपाल हिरामात्सू मोरिहिको यांनी १९७९ मध्ये ‘एक गाव, एक उत्पादन’ चळवळ सुरू केली तेव्हा ओयामा हा त्यांच्यासमोरचा नमुना होता. ती कल्पना आशियाभर पसरली. उत्तर प्रदेशानं २०१८ मध्ये ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना आणली आणि केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतही तेच सूत्र आहे. त्या योजनांच्या कागदांवर उत्पादनाचं नाव ठळक असतं. ओयामात मात्र प्रक्रिया आणि विक्री दोन्ही गावाच्या सहकारी संस्थेच्या हाती होती, आणि सूत्राचा हा अर्धा भाग भारतात येताना पातळ झाला आहे.

आता अडचणी. जपानमध्ये माणशी तांदळाचा खप १९६२ मध्ये वर्षाला ११८ किलो होता, आता तो पन्नास किलोंच्या आसपास आला आहे. भात कमी तर भातावरची उमेबोशी कमी. मिनाबेनं २०१४ मध्ये नान्कोच्या उमेबोशीचा भातगोळा खाण्याचं आवाहन करणारा स्थानिक कायदाच केला. शिक्षा नसलेला हा कायदा बघून काहींना गंमत वाटली, पण गावाची चिंता खरी होती.

रोग-किडींचा मारही आहे. २००९ मध्ये तोक्यो महानगरातल्या ओमे इथे प्लम पॉक्स विषाणू जपानमध्ये पहिल्यांदा आढळला. फळाला आणि पानाला डाग आणणारा हा रोग माव्यामार्फत पसरतो आणि झाडावर त्याला उपाय नाही. तिथली सुमारे १७०० झाडांची नामांकित बाग २०१४ मध्ये पूर्ण तोडावी लागली. नवी लागवड २०१६ मध्ये सुरू झाली. चीनकडून आलेला लाल मानेचा खोडकिडा २०१२ पासून पसरत वाकायामापर्यंत पोचला आहे.

हवामानाचा तडाखा सर्वांत मोठा. २०२४ चा हिवाळा उबदार गेला. फुलं लवकर आली, पण पुष्कळ फुलांत स्त्रीकेसर अपुरं राहिलं आणि अशा फुलाला फळ धरत नाही. मार्चमध्ये गारपीट झाली. वाकायामाचं पीक आधीच्या वर्षाच्या निम्म्यावर आलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गारा पडल्या आणि कोवळ्या फळांवर डाग राहिले. अशा वर्षी कोठीतली जुनी पिंपं उपयोगी पडतात, पण लागोपाठ दोन वर्षं निघाली की तीही रिकामी होतात.

एक धक्का कायद्याचा. विषबाधेच्या घटनांनंतर जपाननं अन्नस्वच्छता कायदा बदलला आणि जून २०२१ पासून लोणचं करून विकायला परवाना सक्तीचा झाला. सवलतीची मुदत मे २०२४ अखेर संपली. परवान्यासाठी घरच्या स्वयंपाकघरापासून वेगळी जागा, वेगळे नळ, धुता येणाऱ्या भिंती लागतात. गावोगावच्या आजी रस्त्याकडेच्या शेतमाल केंद्रांवर वर्षानुवर्षं स्वतःची उमेबोशी ठेवत होत्या. लाखो येनचा खर्च करून ते चालू ठेवणं ऐंशीच्या घरातल्या कित्येकींना शक्य नव्हतं आणि त्यांनी हात आखडला. स्वच्छता हवीच. पण वीस टक्के मिठाची उमेबोशी आणि कमी मिठाचं पालेभाजीचं लोणचं यांचा धोका सारखा नाही, आणि दोघांना एकाच मापानं मोजल्यामुळे नुकसान झालं ते सुरक्षित पदार्थाचं. काही गावांनी सामायिक परवानाधारक स्वयंपाकघरं उभारली. हा तोडगा चांगला आहे, पण तो सगळीकडे पोचलेला नाही.

झाडाच्या बाजूनंही हालचाल चालू आहे. नान्कोला स्वतःच्या परागानं फळ धरत नाही. बागेत दुसऱ्या जातीची झाडं आणि मधमाश्या दोन्ही लागतात, आणि फुलं अवेळी आली तर ही साखळी तुटते. वाकायामाच्या संशोधन केंद्रानं नान्को आणि केन्साकी यांच्या संकरातून ‘एनके १४’ ही स्वपरागी जात काढली. २००९ मध्ये नोंदलेली ही जात माश्या कमी असलेल्या वर्षीही फळ धरते. त्याच वर्षी नोंदलेली, जपानी प्लम आणि उमे यांच्या संकराची ‘त्सुयुआकाने’ सरबताला आणि दारूला कसलाही रंग न घालता गडद लाल करते. दोन्हींची लागवड वाढते आहे. पण सालीची जाडी, गराचा मऊपणा आणि मिठात फळ कसं वागतं हे कारखान्यांना पटेपर्यंत शेतकरी नान्कोची जुनी झाडं काढायला तयार नाहीत. नवं झाड भरात यायला काही वर्षं जातात, म्हणून बहुतेक जण बागेच्या एका कडेला नवी कलमं लावून वाट पाहत आहेत.